सुलक्षणाचे ग्लोव्हज

विंझर, ता. वेल्हे
रविवार, ८ डिसेंबर २००२

ती. सावळाराम दाजींना,

कुंडलिकचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. माझं अक्षर बघून तुम्ही पाकीट न फोडताच बाजूला ठेवाल, म्हणून वरचा पत्ता सुलक्षणाच्या शाळेतल्या फौजिया मॅडमकडून लिहून घेतला आहे. एवढी लबाडी पोटात घाला. आता फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा, एवढंच मागणं.

इकडं सगळे खुशाल आहेत. भात काढून झालं. ओढ्यालगतच्या वावरात हरभरा टाकलाय. तुमची म्हैस व्याली, रेडी झाली, कपाळावर चांद आहे. घराच्या मागच्या अंगाची कौलं ऑक्टोबरात बदलली. ताईनं तुम्हाला गवंडी लावला असं कळवलं असेल, तो गवंडी मीच. तुम्ही इचलकरंजीला कापडाच्या मागावर, आणि घरात ताई-सुलक्षणा दोघी मायलेकीच. गळक्या घरात त्यांना कसं बसू द्यायचं? सायकलचं दुकान बरं चाललंय. मागच्या दिवाळीला फोन केला होता, माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवलात. त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. तुमच्या जागी मी असतो तर फोन आपटला असता.

पत्राला कारण झालं ते सुलक्षणाचे ग्लोव्हज.

सुलक्षणा फुटबॉल खेळते हे तुम्हाला ताईच्या पत्रातून कळलंच आहे. पण कसं सुरू झालं ते मी मॅडमच्या तोंडून ऐकलंय, ते सांगतो. फौजिया मॅडम दोन वर्षांपूर्वी भोरहून खेळाच्या शिक्षिका म्हणून आल्या आणि त्यांनी मुलींची टीम काढली. पळायला सगळ्या तयार, गोलमध्ये उभं राहायला एकही नाही. बॉल तोंडावर येतो ना. तेव्हा ही म्हणाली, "म्या उभी ऱ्हाते." मॅडमनी तिचा डावा हात बघितला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नसलेला. स्वतःचे जुने ग्लोव्हज पिशवीतून काढून दिले. तळव्याचं रबर सोललेले, मोठे, ढगळ. त्यावर तिनं दोन वर्षं काढली.

ऑक्टोबरात ती जिल्ह्याच्या टीममध्ये निवडली गेली. विभागाच्या मॅचेस जानेवारीत सोलापूरला आहेत. मॅडम ताईला म्हणाल्या, आता हिला हिच्या हाताचे ग्लोव्हज पाहिजेत, हे चालायचे नाहीत. ताईनं मला निरोप धाडला, "पुण्याला घेऊन जा, तुलाच जमंल." मला काय जमायचं, कपाळ? सायकलची ट्यूब आणि बेअरिंग सोडून मला कशातलं कळतं? पण गेलो. सकाळच्या एसटीनं स्वारगेटला उतरलो आणि विचारत विचारत खेळाच्या सामानाच्या एका दुकानात शिरलो.

दुकानदार वयस्कर होते. गोलकीपरचे ग्लोव्हज म्हटल्यावर आधी माझ्याकडं बघितलं, मग हिच्याकडं. म्हणाले, "हात दाखव बाळ." तिनं दोन्ही हात काउंटरच्या काचेवर उताणे पसरून ठेवले. मी वर टांगलेल्या बॅटी बघत राहिलो. त्यांनी पट्टीनं माप घेतलं आणि तीन जोड समोर मांडले.

पहिल्या जोडाच्या बोटांत प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या. जोराचा बॉल लागला तरी बोटं मागं मोडत नाहीत म्हणे. मी लगेच म्हटलं, हाच द्या. दाजी, मला दुसरं काही सुचेना. जे मोडत नाही ते घ्यावं, एवढंच डोक्यात. तिनं घातले, मूठ मिटली, उघडली.

"मामा, ह्ये माझं ऐकत न्हाई."

"म्हणजे?"

"ही दोन बोटं बघ की. आत कुणी न्हाई, आन् ताठ हुबी. बॉल हितं लागला की कुटं बी जाईल."

दुसरा जोड तिनं हातात घेऊन परत ठेवला, दिसायला झकपक, तळवा पातळ. तिसरा साधा होता. काळा-पांढरा, तळव्याला जाड मऊ फोम, बोटं मऊ. तिनं दुकानदारांकडं थोडं पाणी मागितलं. मला वाटलं पोरीला तहान लागली. तिनं डावा ग्लोव्ह चढवला, उजव्या हाताची बोटं बुडवून तळव्यावर पाणी चोळलं, ओला तळवा बॉल जास्त धरतो असं मॅडमनी शिकवलंय. मग एक बॉल उचलला आणि डाव्या हातानं, त्याच हातानं, वरून पकडून हात उलटा खाली सोडला. बॉल खाली पडला नाही. तीन बोटांना चिकटून लोंबत राहिला.

"कुठून आलात?" दुकानदारांनी विचारलं.

"मार्गासनी. वेल्ह्याच्या रस्त्याला," मी सांगितलं.

"तिकडं फुटबॉल खेळतात?"

"आमी खेळतो," सुलक्षणा म्हणाली.

ते स्वतः चपला घालून गल्लीत आले आणि दहा पावलांवरून तिच्याकडं बॉल फेकू लागले. पाच-सहा तिनं अलगद घेतले. मग एक डाव्या बाजूला जोरात आला, ग्लोव्हची रिकामी दोन बोटं मागं दुमडली आणि बॉल तिथून निसटून उभ्या स्कूटरवर जाऊन आदळला. मी म्हटलं, "बघ, मी म्हणत नव्हतो?" तर ही हातातला ग्लोव्ह उलटा-सुलटा करून बघत म्हणते, "हाच घेऊ मामा. ह्यातनं बॉल कुटनं निसटतो त्ये कळलं. त्या ताठ बोटांच्यात कळतच न्हाई."

तेरा वर्षांची पोर, दाजी. मी सायकली दुरुस्त करत केस पांढरे केले, पण ट्यूब कुठं फुटलीय ते कळणं ही अर्धी दुरुस्ती, हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

बॉल घेऊन आत आल्यावर दुकानदार खोक्यात जोड घालता घालता म्हणाले, "बाळ, हात कशात गेला?"

"कडबाकुट्टीत."

"एकटीच होतीस?"

ती ग्लोव्हचं एकेक बोट ओढून हात बाहेर काढत होती. "व्हय," म्हणाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्याबद्दल पुढं लिहितो. आधी ग्लोव्हजचं पुरं करतो.

फौजिया मॅडमचे वडील नूरुद्दीनचाचा भोरात जीप-टेम्पोच्या सीटा शिवतात. मॅडम म्हणाल्या, अब्बांना दाखवू. चाचांनी काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. आपला तळहात पुढं केला आणि म्हणाले, "पोरी, डोळे मीट आणि माझ्या हाताला जोरात रेट. जोर कुठनं येतो ते बघू दे." तिनं रेटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, जसा वैद्य नाडी बघतो तसे. मग म्हणाले, "मधल्या बोटात हिच्या दोन बोटांची ताकद आहे. त्याच्याच आधाराला बाकीची लावू."

रिकाम्या दोन बोटांत त्यांनी नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, पट्ट्या भरल्या आणि ती दोन्ही मधल्या बोटाला मागच्या बाजूनं शिवून टाकली, तळव्याला टाका येऊ न देता. मधलं बोट वाकलं की तिन्ही वाकणार, ताठ झालं की तिन्ही ताठ. पहिल्यांदा शिवलं तर तिनं घालून बघितलं, म्हणाली, आवळतंय. उसवलं. दुसऱ्यांदा सैल झालं. परत उसवलं. मॅडम म्हणाल्या, "अब्बा, पुरे आता, चालतंय." चाचा म्हणाले, "तुझ्या हातात घालायचंय का?" तिसऱ्यांदा तिनं मूठ मिटली, उघडली, आणि हसली. रेफरींना मॅडमनी आधीच विचारून घेतलं होतं, हरकत नाही म्हणाले.

मागच्या रविवारी भोरात सरावाची मॅच होती, आपल्या पोरींची भोरच्या टीमशी. मी दुकान बंद ठेवून गेलो. दोन वर्षांत एकदाही बघायला गेलो नव्हतो. हिंमत नव्हती. नूरुद्दीनचाचा माझ्या शेजारी उभे होते, आपली शिलाई टिकते का बघायला आलो म्हणाले.

दाजी, आता जे लिहितो त्याला माझ्याकडं शब्द कमी आहेत.

घरातली सुलक्षणा तुम्हाला माहीत आहे. बोलणार कमी, पदराआड उभी राहणार, कुणी पाहुणा आला की डावा हात ओढणीत लपवणार. त्या दोन खांबांच्या मध्ये जी उभी होती ती मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. दोन्ही हात उघडे, बाजूला पसरलेले. खणखणीत आवाजात बाकीच्या पोरींना ओरडून सांगत होती, कुणी मागं ये, कुणी डावीकडं हो. तिच्याहून थोराड पोरी निमूट ऐकत होत्या. समोरून बॉल घेऊन धावत येणारीवर ही उलट चालून जायची. डोळे मिटत नव्हती. मान फिरवत नव्हती. माझी मान मात्र दर वेळी फिरायची. मी नंतर विचारलं, तुला कसं कळतं कुठं मारणार ते? म्हणाली, "पाय बघायचाच न्हाई मामा. पाय फसवतो. कंबर बघायची. कंबर कुणाला फसवत न्हाई."

शेवटची पाच-सात मिनिटं राहिली असतील. भोरची एक उंच पोर मोकळी सुटली आणि तिनं लांबून असा बॉल हाणला की मला त्याचा आवाज आधी आला. वरच्या डाव्या कोपऱ्यात. तिच्या त्या हाताच्या बाजूला. मी मनात म्हटलं, गेला. आणि सुलक्षणा जमिनीवर नव्हती. हवेत आडवी झालेली, सगळं अंग त्या एका हाताच्या मागं ओढल्यासारखं. बॉल तिनं धरला नाही. त्या शिवलेल्या तीन बोटांनी त्याला नुसतं वळवलं, अलगद, जसं दारात आलेल्या वासराला हातानं वळवतात. बॉल खांबाच्या बाहेरून गेला. ती खाली धाडकन पडली, उठली, कपड्याची माती न झटकता परत जागेवर गेली आणि आपल्या पोरींवर ओरडायला लागली, "उभ्या काय? कॉर्नर हाय!"

चाचांच्या तोंडून "या अल्लाह" एवढंच आलं. मी खाली बसलो. देवळात घंटा वाजत असताना अंगावर काटा येतो ना, तसं झालं, आणि उतरेचना. आपल्या घरात, आपल्या चुलीपुढं, आपण जिला "जपून गं, जपून" म्हणत आलो, तिच्या अंगात हे होतं. हे कुठून आलं, दाजी? आपल्यापैकी कुणाकडूनच नाही.

मग गुरुवारी तुमचं पत्र आलं. ताईनं मला मार्गासनीला बोलावून वाचायला दिलं. तुम्ही लिहिलंय, "जिला चालत्या चाकात हात घालू नये एवढं भान नाही, तिला मैदानावर आणि परगावी पाठवायची नाही. आहेत ती आठ बोटं शाबूत राहू देत." सोलापूरच्या फॉर्मवर पालकाची सही लागते. ताई म्हणाली, त्यांच्या शब्दाबाहेर मी सही करणार नाही. सुलक्षणा दारात उभी होती. रडली नाही. ग्लोव्हज धुऊन सावलीत वाळत घातले होते, ते उचलून आत घेऊन गेली.

दाजी, तुमचं पत्र चुकीचं आहे. तुमची चूक नाही. तुम्हाला जे सांगितलं त्यावर तुम्ही लिहिलंत. सांगणारा मी.

अठ्ठ्याण्णवच्या चैत्रात ती सुट्टीला माझ्याकडं होती. नऊ वर्षांची. त्या दिवशी वेल्ह्याला कुस्त्यांचा आखाडा होता आणि मला तीनची जीप धरायची होती. बैलांचा कडबा हातानं फिरवायच्या कुट्टीच्या मशीनवर कापून व्हायचा होता. मी तुम्हाला दवाखान्यात सांगितलं की मी पाणी प्यायला घरात गेलो होतो आणि पोरीनं मागं एकटीनं चाक फिरवलं. खोटं. मी कुठंही गेलो नव्हतो. ती अंगणात खेळत होती, मी तिला हाक मारून बोलावली. "ये, पेंढी सार, लवकर होईल," म्हणालो. पेंढी ती सारत होती. चाक मी फिरवत होतो.

आणि ती म्हणाली होती, "मामा, थांब."

मला ऐकू आलं होतं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, स्वतःशीसुद्धा पुरं बोललो नाही. ऐकू आलं होतं. पेंढी अडकली असेल, एका फेऱ्यात सुटेल असं मला वाटलं. मी अजून एक फेरा मारला.

पुण्याच्या दवाखान्यात तुम्ही दोन दिवसांनी पोचलात. मी तुमच्यापुढं ते पाणी प्यायला गेल्याचं बोललो तेव्हा पोरगी जागी होती. तुम्ही तिच्याकडं वळून विचारलंत, "व्हय गं?" ती म्हणाली, "व्हय आबा. म्याच." तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तिथंच मला म्हणालात, मशीन उघडं टाकून गेलास, तुझं तोंड बघणार नाही. ती शिक्षा मी साडेचार वर्षं गुमान भोगली आणि मनात म्हणत आलो, भोगतोय ना, फिटलं. ती शिक्षा हलक्या गुन्ह्याची होती. खऱ्या गुन्ह्याची शिक्षा तिच्या पदरात पडली. तेव्हापासून तिला चुलीजवळ जाऊ देत नाहीत, विहिरीवर जाऊ देत नाहीत. का, तर हिला भान नाही. आणि आता सोलापूर.

पुण्याहून परत येताना एसटीत नसरापूर सुटल्यावर मी तिला विचारलं होतं. दुकानातल्या त्या "व्हय"नंतर मला राहवलं नाही. म्हटलं, "तेव्हा खरं का नाही सांगितलंस?" मांडीवरच्या खोक्यावर हात ठेवून बसली होती. मग म्हणाली, "तू लई रडत हुतास मामा. मला वाटलं आबा तुला जित्ता सोडायचं न्हाईत. मग आईला म्हायेर कुटलं ऱ्हायलं असतं? बोटं तर गेलीच हुती."

नऊ वर्षांची होती, दाजी. बोटं तुटून दोन दिवस झाले होते. तेवढ्यात तिनं हा हिशेब केला आणि त्याप्रमाणं वागली, आणि पुढं एकदाही तोंडातून काढलं नाही. आईजवळ नाही, मॅडमजवळ नाही. मी विचारलं, "आता सांगू का?" तर खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "त्ये तुझं तू बघ." रागानं नाही. खरंच माझ्यावर सोडून दिलं. मला त्या दिवशी तिच्याशेजारी बसायची लाज वाटली, आणि उठायचीही इच्छा होईना.

जिला भान नाही म्हणता, तिच्याएवढं भान मी कुठल्या मोठ्या माणसात बघितलेलं नाही.

काल हे सगळं ताईला सांगितलं. तुम्हाला लिहायच्या आधी तिला सांगणं भाग होतं. ती भाकऱ्या थापत होती. ऐकून घेतलं, हातातली भाकरी तव्यावर टाकली, भाजली, उतरवली. मग म्हणाली, "जा आता." मी उंबऱ्याबाहेर आलो आणि तिनं मागून कडी लावली. मी त्या दाराला काही म्हणत नाही. सुलक्षणानं जे माहेर जपलं ते मी काल मोडलं. पण तिच्या नावावर खोटं ठेवून जपण्यापेक्षा माझ्या हातून मोडलेलं बरं.

फॉर्म सोबत जोडला आहे. जिथं सही करायची तिथं मॅडमनी पेन्सिलीनं फुली केली आहे. पंचवीस तारखेपर्यंत शाळेत पोचला पाहिजे. मला उत्तर लिहू नका, शिवी पाठवायची असली तरी त्यात वेळ घालवू नका. फक्त फॉर्म पाठवा, तोही परस्पर शाळेच्या पत्त्यावर. आणि जमलं तर चार दिवस रजा काढून सोलापूरला जा. मी येणार नाही, तुमच्या वाटेत कुठं दिसणार नाही. गोलच्या मागं उभं राहू नका, तिथून नुसती तिची पाठ दिसते. बाजूला, मधल्या रेघेजवळ उभे राहा. तिचा चेहरा तिथून दिसतो.

ते बघून झालं की गावी या. मी विंझरलाच आहे, दुकान उघडं असतं. माझं काय करायचं ते तेव्हा करा. मी थांबा म्हणणार नाही.

पत्राखाली तिचा मामा म्हणून सही करायचा हक्क मला राहिला का, ते आता तुमच्या आणि तिच्या हातात आहे, म्हणून नुसतं नाव लिहितो.

कुंडलिक